चौदा खुंट्यांची पाटी

फार पूर्वी, नदीवर पूल बांधायचं कुणाला सुचलंही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात नवी होडी आधी तळ्यात उतरवत. एक म्हातारी पारखीण तिच्यात वाळूची पोती भरून ती तपासायची. तिला दोनच गोष्टी सांगाव्या लागत: होडी कोणती आणि माणसं किती बसणार. रिवाज असा, की जो तपासायला सांगेल, त्यानेच पहिल्या फेरीत बसायचं.

पुढे दूरदेशी शिकून आलेला एक तरुण घाटाचा प्रमुख झाला. त्याला हे फारच ढोबळ वाटलं. त्याने चौदा खुंट्यांची पाटी केली. दोन खुंट्या होडी कोणती आणि माणसं किती ते सांगायला, बाकी बारा तपासणीच्या: वजन, पाणी, दोर, वल्ही, सुकाणू, प्रत्येकाची वेगळी. तपासणीची खुंटी लावली तर तपासायचं, काढली तर सोडायचं.

"काकू, आता हवं ते नेमकं सांगता येईल."

"सांगशील रे. पण चौदा खुंट्या रोज बघणार कोण?"

तो हसला.

उन्हाळ्यात तळं आटलं, होडी पाण्यात उतरवून गळती बघता येईना, म्हणून त्याने पाण्याची खुंटी काढली. पुढे तळं भरलं, पण तो कालचीच पाटी आज पाठवत राहिला.

पावसाळा सरताना मोठी होडी तयार झाली. रिवाजाप्रमाणे तो पहिल्या फेरीत बसला. सोबत त्याची आई होती. पलीकडे तिची लेक बाळंत झाली होती. नदीच्या मध्यावर तळातून पाणी वर आलं. त्याने पागोटं फटीत कोंबलं. आईने डिंकाचे लाडू नदीत ओतले आणि रिकाम्या डब्याने पाणी उपसलं. होडी कशीबशी माघारी घाटाला लागली.

"काकू, ही तपासली होतीत ना?"

"पाटीवर होतं तेवढं तपासलं. पाण्याची खुंटी नव्हती. म्हटलं, शिकलेला माणूस, काही विचार केला असेल."

आई पदर पिळत म्हणाली, "माझे लाडू तेवढे पाण्यात तपासून झाले. एकही तरंगला नाही."

तो ओशाळला, पण खचला नाही. त्याच दुपारी त्याने बारा खुंट्या उपटल्या. उरल्या दोन: होडी कोणती, माणसं किती.

"बाकी सगळं दर वेळी तपासायचंच, काकू. काही वगळायचं झालं, तर मी स्वतः येऊन तुम्हाला तोंडावर सांगेन."

"मग बघू, तुझं तोंड उघडतं का," म्हातारी म्हणाली.

चौथ्या दिवशी तपासणीत तीच होडी तळ्यात पुन्हा गळली. फट बुजवली, पुन्हा तपासली. मग तो सगळ्यांत आधी चढला, मागून आई, मांडीवर नव्या लाडवांचा डबा घेऊन. पलीकडे उतरताना डब्याचं बूडसुद्धा कोरडं होतं.

तात्पर्य: सांगायचं ते थोडकं ठेवावं, आणि जे दर वेळी व्हायलाच हवं, ते कुणाच्या आठवणीवर सोडू नये.