टिंबू, पोपटाची चोच आणि चार पाट्या

शाल्मलीच्या कॉम्प्युटरमध्ये एक गाव आहे. चित्रांचं गाव. इवलंसं!
गावात चार घरं. कॉम्प्युटरवाली मोठी माणसं त्या घरांना लायब्ररी म्हणतात. आत पुस्तक एकही नाही. असो!
त्याच गावात राहतो टिंबू. टिंबू म्हणजे एक टिंब. एवढुस्सं.
टिंबूचं काम एकच. रंग आणायचा, चित्रात भरायचा.

एक दिवस शाल्मलीने पोपट काढला. हिरवा हिरवा पोपट. हिरवा रंग आधीचाच उरलेला. पुढ्यात मिरची. पण लाल रंग येईचना. लाल नाही, तर चोच नाही.
पोपटाचं पोट बोललं, गुडगुड गुडगुड! बिचारा खाणार कशाने?
टिंबू निघाला लाल रंग आणायला. टुप टुप टुप!

आलं रंगकाकूचं घर. दार बंद! काकू बाहेर पायरीवर. हातात हातोडी.
"काकू काकू, लाल रंग दे!"
"कसा देऊ रे राजा? दारं उघडी होती, तेव्हा कोणीही यायचं, काहीही न्यायचं. नुसता गोंधळ! आता हे गाव कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत लिहिलंय, ती भाषा नवी. नियम नवा. दारावर पाटी हवी. इकडे लिहायचं, मी काय देते. तिकडे लिहायचं, मी कोणाकडून घेते. पाटी लागली की दार उघडतं."
"मग लाव ना पाटी!"
"खिळा आहे, हातोडी आहे. पण मी रेघा घेते रेघदादाकडून. आधी त्याची पाटी, मग माझी पाटी."
बरं बाई! टिंबू निघाला. टुप टुप टुप!

आलं रेघदादाचं घर. दार बंद! दादा पायरीवर. हातात हातोडी.
"दादा दादा, पाटी लाव!
काकू पाटी लावेना,
लाल रंग देईना,
पोपटाला चोच येईना,
पोपट मिरची खाईना!"
"लावतो रे टिंब्या, लावतो! खिळा आहे, हातोडी आहे. पण मी मापं घेतो मापमावशीकडून. आधी तिची पाटी, मग माझी पाटी."
अरे देवा! टिंबू निघाला. टुप टुप टुप!

आलं मापमावशीचं घर. दार बंद! मावशी पायरीवर. हातात काय? हातोडीच!
"मावशी मावशी, पाटी लाव!
दादा पाटी लावेना,
काकू पाटी लावेना,
लाल रंग देईना,
पोपटाला चोच येईना,
पोपट मिरची खाईना!"
"माझं मेलं कधीचं तयार आहे! खिळा आहे, हातोडी आहे. पण मी आकडे घेते आकडेआजोबांकडून. आधी त्यांची पाटी, मग माझी पाटी."
"मग आजोबांना सांगितलंस का?"
"मी? मी कशाला सांगू? सांगेल कोणीतरी!"
आता काय म्हणावं हिला! टिंबूचं डोकं तापलं. गाल फुगले. पाय आपटत निघाला. टप्! टप्! टप्!

आलं आकडेआजोबांचं घर. गावातलं सगळ्यात जुनं घर. दार बंद! आजोबा पायरीवर. मांडीवर पाटी. कानामागे खडू. शेजारी हातोडी.
"आजोबा आजोबा, पाटी लावा!
मावशी पाटी लावेना,
दादा पाटी लावेना,
काकू पाटी लावेना,
लाल रंग देईना,
पोपटाला चोच येईना,
पोपट मिरची खाईना!"
आजोबा म्हणाले, "खिळा आहे, हातोडी आहे. पण..."
"पण काय आजोबा, पण काय?" टिंबू ओरडलाच.
"हे बघ. इकडे लिहायचं, मी काय देतो. लिहिलं. आकडे! तिकडे लिहायचं, मी कोणाकडून घेतो. अरे, मी तर कोणाकडूनच काही घेत नाही! मग लिहू काय?"
"कधीपासून बसलात?"
"नियम आला तेव्हापासून. विचार करतोय."
टिंबूने कपाळावर हात मारला. फट्!
"अहो आजोबा! घेत नाही, तर लिहू नका! ती बाजू कोरी ठेवा!"
"कोरी? कोरी चालते?"
"चालते! चालते! चालते!"
"असं होय! मग आधी नाही का सांगायचंस?"

आजोबांनी घेतली हातोडी. ठक ठक ठक! आजोबांची पाटी लागली. दार उघडलं. कर्रर्र!
आजोबांनी दिले आकडे. मावशीने मारला खिळा. ठक ठक ठक! दार उघडलं. कर्रर्र!
मावशीने दिली मापं. दादाने मारला खिळा. ठक ठक ठक! दार उघडलं. कर्रर्र!
दादाने दिल्या रेघा. काकूने मारला खिळा. ठक ठक ठक! दार उघडलं. कर्रर्र!
काकूने दिला लाल रंग. लालचुटूक!
टिंबू पळत सुटला. टुप टुप टुप टुप!
पोपटाला चोच आली. बाकदार, लाल लाल! पोपटाने मिरची उचलली. कुर्रम कुर्रम! सगळी फस्त.
बाहेर शाल्मलीने टाळ्या पिटल्या.

आणि पोपट ओरडला, "हाऽ हाऽ! तिखट! तिखट! पाणी! पाणी!"
पाणी? पाण्याला हवा निळा रंग!
टिंबूला रडूच आलं. पुन्हा काकू! पुन्हा दादा! पुन्हा मावशी! पुन्हा आजोबा!
निघाला बिचारा. टुप... टुप... टुप...
वाटेतच त्याने मोठ्ठा श्वास घेतला. गाल फुगवले. काकूशी कडकडून भांडायचं ठरवलं.
"काकू काकू, निळा रंग दे! आणि आता मला..."
"निळा ना? हा घे."
टिंबूचं तोंड उघडंच राहिलं.
"एवढंच?"
"एवढंच. पाटी लागली ना रे! पळ आता, पोपट थांबलाय."
टिंबू पळाला. टुप टुप टुप टुप टुप!
पोपट पाणी प्यायला. गट गट गट गट गट.
पोपटाचं पोट गार, टिंबूचं डोकं गार, आणि आपली गोष्टही झाली पार!