उंबरवेढ्याचा मुका हौद

उंबरवेढ्याची नगरफेरी पायीच करावी लागते, आणि ती उगाचच लांबची आहे असे प्रत्येक पाहुण्याला वाटते. जुन्या राजधानीच्या महादरवाजापासून खंडोबाच्या देवळापर्यंत एक सरळ गल्ली जाते. तिला पखालगल्ली म्हणतात. तोंडातला विडा संपायच्या आत माणूस देवळापुढे पोचतो. नगरपालिकेने मध्यंतरी प्रेक्षणीय स्थळांचा नकाशा छापला, त्यातही हीच गल्ली ठळक दाखवली. पण इथला एकही गाईड पाहुण्यांना त्या गल्लीत पाऊल टाकू देत नाही. तो त्यांना नगारखान्याला वळसा घालून, हत्तीच्या चौकातून, बाजारातून फिरवतो, हौद आला की पाणी पाजतो आणि दोन हौदांच्या मध्ये थांबवून पाल्हाळिक गोष्टी सांगतो. ऊन डोक्यावर येवो नाहीतर पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडोत. आणि एवढा बोलघेवडा माणूस देवळापुढच्या शेवटच्या हौदाशी आला की एकदम गप्प होतो. त्या हौदाला मुका हौद म्हणतात.

असे का, हे इमामचाचा पखाली सांगतात. गाईड मंडळींत तेच वयाने सगळ्यांत मोठे. बाजारातल्या एका झिजलेल्या पायरीवर ते पाहुण्यांना बसवतात. कुणी घड्याळात पाहिले तर म्हणतात, "घाई असंल तर नकाशा घ्या आणि गल्लीनं सुटा." मग कुणी उठत नाही.

फार पूर्वी, उंबरवेढ्याला राजा होता तेव्हाची ही हकिकत आहे, असे सांगतात. घाटापलीकडच्या राजाने राजधानीला वेढा घातला होता. भिंती भक्कम होत्या, कोठारात धान्य होते, त्यामुळे गावाला फिकीर नव्हती. पण डोंगरातल्या झऱ्याचे पाणी खापरी नळाने गावातल्या चार हौदांत यायचे, आणि ऐन उन्हाळ्यात शत्रूने तो नळ शोधून फोडला. हौद आटले. राहिली एक वाड्यातली विहीर, तीही तळाला गेलेली. घागर उतरवली की आधी दगडाचा आवाज यायचा. लेकरांना वाटीने पाणी मिळू लागले.

तिकडे शत्रूचेही हाल कमी नव्हते म्हणे. उघड्या माळावर छावणी, त्यात जनावरांना हगवण लागलेली. त्याला एवढेच कळायला हवे होते, की गावात पाणी किती उरले आहे. म्हणून त्याने खोचक निरोप धाडला : तहानलेल्या गावाशी काय लढायचे? आता विसोबा कारभारी हुशार माणूस, पण उंबरवेढ्याच्या पाणी पाजण्याला कुणी नाव ठेवलेले त्याला कसे सोसावे? इथे उंबऱ्यात आलेल्या वैऱ्यालासुद्धा आधी पाणी विचारतात. कारभाऱ्याने रागाच्या भरात उलट कळवले, की आमचे चारही हौद तुडुंब आहेत, वकील पाठवा, प्रत्येक हौदाचे पाणी पाजून पाठवू. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शत्रूने लगेच होकार कळवला. परवा आमचे वकील सुभानराव तुमची राजधानी बघायला येतील.

कारभाऱ्याची झोप उडाली. उजाडताच त्याने गिरजाक्का गुरविणीला बोलावले.

गिरजाक्का खंडोबाच्या गुरवाची विधवा. रोज पहाटे बेलाची टोपली काखेला मारून ती घरोघरी बेल घालायची. नवी सून गावात आली की तिला गाव दाखवायचा मानही गुरविणीचाच. कुठल्या देवाला कसा नमस्कार करायचा, कुठल्या बोळातून एकटीने जायचे नाही, हे सगळे ती सांगायची. बोलणे असे, की रडत आलेली पोर हसत घरी जायची. तिला मूलबाळ नव्हते, नवराही राहिला नव्हता. तिच्याजवळ होते ते तिचे बोलणे.

"सुनांना दाखवतेस तसं वकिलाला गाव दाखव," कारभारी म्हणाला. "पण पाणी फक्त एका हौदापुरतं आहे. तेही तळाला दगड रचून वर हातभर दिसेल एवढंच."

गिरजाक्काने रेड्यांवर कातडी पखालींतून पाणी वाहणाऱ्या पखाल्यांचा म्होरक्या मदार याला हाक मारली.

"मदारभाऊ, महादरवाजाचा हौद उपसून मागच्या गल्लीनं पुढच्या चिंचेच्या हौदात ओतायला किती येळ लागंल?"

"रेड्यांच्या गळ्यातल्या घंटा काढाव्या लागतील, अक्का," मदार म्हणाला. "आवाज करून चालायचं नाही. जेवायला बसलेला माणूस हात धुऊन उठंल, एवढा तरी लागंल."

"मग तेवढा येळ मी त्याला बोलण्यात गुंतवते."

अशी म्हणे उंबरवेढ्याची नगरफेरी तयार झाली. दिवसभर गिरजाक्का आणि मदार गावातून फिरले. हौद एका हाताला पडत होते आणि पखालगल्ली त्या हौदांच्या पाठीमागून जात होती. म्हणून वकिलाला नेहमी दुसऱ्या अंगाने, लांबून न्यायचे. दोन हौदांच्या मध्ये एक ठिकाण निवडायचे, जिथून हौद दिसणार नाही पण पुढच्या हौदाजवळच्या घराचे सपाट मातीचे धाबे दिसेल. पाणी ओतून झाले की तिथल्या बाईने लाल लुगडे वाळत घालायचे. लुगडे दिसेपर्यंत गोष्ट संपू द्यायची नाही. पहिल्या टप्प्याला नगारखाना पडला. दुसऱ्याला सोंड नसलेला दगडी हत्ती, तिसऱ्याला बाजारातला तराजूचा कट्टा. नगारखान्याची गोष्ट तिला येत होती. हत्तीची कुणालाच येत नव्हती, ती तिने तिथेच उभ्या उभ्या रचली. आजही पाहुणे ती खरी समजून लिहून घेतात, आणि चाचा त्यांना लिहू देतात.

दुसऱ्या दिवशी वकील आला. उंच, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. महादरवाजाच्या हौदाचे पाणी त्याने ओठाला लावले, मान हलवली आणि चालू लागला. नगारखान्यापाशी गिरजाक्काने गोष्ट सुरू केली. बोलताना तिची जीभ सैल सुटली होती, पण मन गल्लीत होते. पाठीमागे रेड्यांचे खूर वाजल्यासारखे वाटायचे. लुगडे दिसले. चिंचेचा हौद भरलेला होता. वकिलाने पाणी चाखले. हत्तीची गोष्ट ऐकून तो पहिल्यांदा हसला, तेवढ्यात दुसरे लुगडे फडफडले. बाजारातला हौदही भरलेला निघाला. मागून चालणाऱ्या कारभाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला.

तराजूच्या कट्ट्यापाशी मात्र गोष्ट संपली आणि लुगडे दिसेना.

गिरजाक्काने गोष्टीला शेपूट जोडले. तराजूत तोललेल्या राजाच्या मुलाची हकिकत सांगितली, मग त्याच्या मुलाची. धाबे मोकळेच. तिकडे गल्लीत एक रेडा बसला होता आणि त्याच्या पाठीवरची पखाल फाटली होती म्हणे. मदार आणि त्याचे भाऊबंद उरलेले पाणी खांद्यावरून नेत होते. गिरजाक्काला यातले काहीच माहीत नव्हते. वकील म्हणाला, "झालं ना? चला पुढं." आणि त्याने पाऊल उचलले.

गिरजाक्का मटकन कट्ट्याच्या पायरीवर बसली.

"पाय भरून आलं, दादा. म्हातारीला जरा टेकू द्या."

बाईमाणूस बसलेले टाकून वकिलाला पुढे जाता येईना. तो थांबला. आता बोलायचे काय? गाठीच्या गोष्टी संपल्या होत्या. हाताखाली दगड होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता.

"ह्या पायरीवर मी एकदा लई रडले होते," ती म्हणाली. तिला स्वतःलाच आपला आवाज वेगळा वाटला. लग्न होऊन आली तेव्हा ती लहान होती. चौथ्याच दिवशी माहेराच्या ओढीने ती घरातून निघाली, बोळाबोळांत चुकली आणि इथे येऊन बसली. नवरा शोधत आला. तो ओरडला नाही, की हात धरून ओढले नाही. शेजारी बसला आणि म्हणाला, "तू उठशील तवा जाऊ." ऊन उतरेपर्यंत दोघे बसून राहिले. मग तिला भूक लागली म्हणून ती उठली. "तसा माणूस पुन्यांदा भेटायचा न्हाई," गिरजाक्का म्हणाली आणि तिला खरेच रडू आले. हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते. आज सांगितले ते वैऱ्याला, आणि तेही वेळ काढण्यासाठी, याची तिला फार लाज वाटली.

वकील पागोट्याचा शेव बोटांत धरून ऐकत राहिला. धाब्यावर लाल लुगडे आले तेव्हा त्यानेच तिला हात देऊन उठवले.

देवळापुढच्या हौदात पाणी हातभर नव्हते, वीतभरच होते. पण उन्हात चकाकत होते. गिरजाक्काने तांब्या भरून दिला. वकिलाने वरून धार तोंडात धरली, घोट घेतला आणि तांब्या खाली केला. चौथ्या खेपेला पखालीतून आलेल्या पाण्याला कातड्याचा वास लपत नाही.

"मी दुष्काळी मुलखातला आहे," तो सावकाश म्हणाला. "लहानपणी पखालीचंच पाणी प्यालो. हे झऱ्याचं पाणी नव्हे."

कारभारी पुढे झाला. "छे, छे! भलतंच काय, वकीलसाहेब? मी बेलभंडार उचलून सांगतो..."

"दरबारी माणसाचा बेलभंडार आम्ही रोज बघतो," वकील म्हणाला. "ही बाई त्या पायरीवर बोलली, त्यात खोट नव्हती. हिनं देवापुढं बेलभंडार उचलावा आणि सांगावं. मी तेवढंच जाऊन माझ्या राजाला सांगीन."

गिरजाक्काने आपल्या हातांकडे पाहिले. ज्या हातांनी जन्मभर देवाला बेल वाहिला, गावाच्या शपथांना बेल पुरवला, त्याच हातांनी खोटी आण घ्यायची! तिने अशी माणसे पाहिली होती. खोटा बेलभंडार उचलला त्यांच्या वंशाला दिवा राहिला नाही, असे गाव बोलायचा, आणि तिचाही त्यावर पुरता विश्वास होता. खरे बोलावे तर गाव उद्यापासून तहानेने तडफडणार. भिंतीआडून कुठल्या तरी घरातले मूल पाण्यासाठी किरकिरत होते. त्याची आई त्याचे तोंड दाबत असावी, कारण आवाज मध्येच बंद झाला.

ती देवळात गेली. टोपलीतला बेल घेतला, त्यावर भंडारा टाकला आणि देवाकडे बघून मनात म्हणाली म्हणे, 'खोटं मी बोलते, देवा. ज्या तोंडानं बोलते ते घे. गावाकडं बघू नको.'

मग उंबऱ्यात येऊन ती स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मल्हारीच्या पायाची आण. ह्यो हौद झऱ्याचा हाय. मानसानं ह्यात पाणी घातल्यालं न्हाई."

वकील तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या ओंजळीतला भंडारा कपाळाला लावला. तांब्यात पाणी उरले होते. कुणीही ते बाजूला ओतून दिले असते. त्याने ते जपून, एक थेंब न सांडता परत हौदात सोडले आणि तो निघून गेला.

वेढा उठला. माळावरची धूळ लांब लांब जाताना गावाने भिंतीवर चढून पाहिली. मदार धावत देवळापाशी आला. गिरजाक्का उंबऱ्यातच बसली होती. त्याला बघून तिने तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही. ती पुन्हा कधी बोलली नाही. देवाने वाचा घेतली असे काही सांगतात, तिने आपणच सोडली असेही काही सांगतात.

इथे पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतो. वकिलाने तर ओळखले होते, नाहीतर पाणी परत हौदात कशाला सोडले असते? मग बाईचा आवाज फुकटच गेला की!

चाचांना हा प्रश्न आवडत नाही. "फुकट कसा?" ते म्हणतात. "त्याला त्याच्या राजापुढं ठेवायला काहीतरी नको का? रिकाम्या हातानं गेला असता तर मान गेली असती. त्यानं तिची आण नेली."

पुढे पाऊस झाला, नळ दुरुस्त झाला. झऱ्याचे पाणी देवळापुढच्या हौदात खळाळत पडले तेव्हा सगळा गाव जमला. लोकांना वाटले, आता अक्काचे बोलणे खरे झाले, देव तिची वाचा परत करील. तिला ओंजळभर पाणी पाजले. सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ती पाणी प्याली, हसली आणि टोपली उचलून बेल घालायला गेली. गाव मात्र त्या दिवशी ओक्साबोक्शी रडला. त्यानंतर कुणी परका आला की ती त्याला हाताने गाव दाखवी. गोष्टी मदार सांगे, कारण गल्लीतून जाता जाता त्याने त्या भिंतीआडून ऐकल्या होत्या. पुढे त्याच्या मुलांनी आणि नातवंडांनी सांगितल्या.

आजही पखाल्यांच्या घरातला गाईड नसला, तरी उंबरवेढ्यात तीच वाट आणि त्याच गोष्टी चालतात. आजही देवळापुढच्या हौदाशी गाईड तांब्या भरून पाहुण्याच्या हातात देतो आणि गप्प उभा राहतो. तिथे जे बोलायचे होते ते गिरजाक्का बोलून गेली, असे म्हणून इमामचाचा पायरीवरून उठतात आणि देवळाकडचा रस्ता हाताने दाखवतात.