मेजाची दुसरी बाजू

एकदा एका जिल्ह्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. नाव भार्गवराव. उभे आयुष्य त्यांनी चष्म्याच्या काचा घासण्यात घालवले होते, आणि निवृत्तीनंतर त्यांना एक छंद जडला होता, पत्त्यांच्या खेळाचा. पण हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. या खेळातल्या प्रत्येक पानावर एखादा प्राणी, योद्धा, किल्ला किंवा बंधारा चितारलेला असतो आणि प्रत्येकाचे बळ निराळे असते. शेकडो पानांतून ज्याने त्याने आपल्या पसंतीची चाळीस निवडायची, हवी असलेली पाने इतरांशी अदलाबदल करून मिळवायची, आणि अशी स्वतः रचलेली जुडी घेऊन समोरच्याशी झुंजायचे. दोघांजवळही वीस-वीस प्राण असतात. मांडलेली पाने समोरच्याच्या पानांवर किंवा प्राणांवर चाल करतात, आणि ज्याचे प्राण आधी संपतात तो हरतो. हलकी पाने पहिल्या खेळीपासून मांडता येतात. बलाढ्य पानांसाठी मात्र सहा-सात खेळ्या थांबावे लागते.

दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत या खेळासाठी दहाबारा मंडळी जमत. भार्गवराव त्यांत वयाने सर्वांत वडील आणि खेळात सर्वांत जाणते. सगळे त्यांना काका म्हणत.

या मंडळींत हेमांगी सबनीस नावाची एक स्त्री होती. वय एकतीस. भूमापन कार्यालयात नकाशे काढण्याचे तिचे काम. बदली होऊन ती या गावात आली तेव्हा तिला इथे कोणी ओळखत नव्हते. रविवारच्या त्या खोलीने तिला माणसे दिली. खेळही तिने चटकन उचलला. तिला मोठ्या पानांचे विलक्षण आकर्षण होते. चार मुंगसे देऊन तिने एक मेघगज घेतला, सात ससाणे देऊन एक अग्निव्याघ्र घेतला. देणारेही आनंदाने देत. पाहता पाहता तिची जुडी अशी भारदस्त झाली, की नुसती उलगडली तरी पाहणाऱ्याने वाहवा करावी.

मग शेजारच्या शहरात स्पर्धा भरणार असल्याचे समजले. हेमांगीने नाव नोंदवले आणि कचेरीत सर्वांना सांगितलेही.

भार्गवराव तिच्यासोबत गेले, पण स्वतः खेळायला बसले नाहीत. एका मंगल कार्यालयात मेजे मांडली होती. बत्तीस खेळाडू होते आणि सहा फेऱ्या; हरणाऱ्यालाही सगळ्या फेऱ्या खेळता येत. पहिल्या फेरीत एका दंतवैद्यबाईंनी हेमांगीला दहा मिनिटांत हरवले आणि वर डब्यातला बेसनाचा लाडू पुढे केला. दुसऱ्या फेरीत मेघगज तिच्या हातातच राहिला आणि प्राण संपले. तिसऱ्या फेरीनंतर तिने पंचांना विचारले, "मधूनच निघून गेलं तर चालतं का?"

"चालतं," पंच म्हणाले.

ती पिशवी उचलू लागली तेव्हा भार्गवराव शांतपणे म्हणाले, "जायचं तर जाऊ. पण आपली बस साडेचारची आहे. तोवर इथं बसायचं की तिथं थांब्यावर, एवढाच प्रश्न."

ती बसली. चौथी फेरी हरली, पाचवीही हरली. सहाव्या फेरीत तिच्या समोरचा खेळाडू आलाच नाही, म्हणून तो विजय तिच्या नावावर लिहिला गेला. त्या विजयाने ती अधिकच कानकोंडी झाली.

परतीच्या बसमध्ये तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "काका, एक सांगू? कॉलेजात असताना मी पोहायला जायचे. पहिल्या शर्यतीत शेवटची आले आणि सोडून दिलं. गाणं शिकत होते, पहिल्या परीक्षेत नापास झाले, सोडलं. मी अशीच आहे. रविवारी येते आणि सगळी पानं कोणाला हवी त्याला वाटून टाकते."

भार्गवरावांनी तिला समजावले नाही की धीरही दिला नाही. "ये रविवारी," एवढेच म्हणाले. "वाटायची तर तेव्हा वाट. मात्र वाटण्याआधी मला एक तासभर दे."

रविवारी हेमांगी आली. पानांचा डबा तिने मेजावर ठेवला. भार्गवरावांनी त्यातून तिची चाळीस पानांची जुडी काढून स्वतःपुढे ठेवली आणि आपली जुडी तिच्या हाती दिली. तिने पाहिले, तर त्यांच्या जुडीत मुंगसे, ससाणे, खारी, वार अडवणारे लहानसहान बंधारे. एकही पान असे नव्हते, की जे पाहून कोणी थांबावे.

"खेळ," ते म्हणाले.

खेळ सुरू झाला. हेमांगीने पहिल्याच खेळीत खार मांडली, दुसरीत मुंगूस. भार्गवराव हातातली पाने न्याहाळत स्वस्थ बसले. त्यांच्यापाशी मांडण्याजोगे काही नव्हते. पाचव्या खेळीत त्यांना एक मध्यम पान मांडता आले असते. ते त्यांनी बोटांत धरले, पुन्हा हातात ठेवले, आणि मेघगजाची वाट पाहिली. मेघगज मांडायची वेळ आली तेव्हा त्यांचे तीनच प्राण उरले होते. हेमांगीने सहज डाव जिंकला.

"पुन्हा," ते म्हणाले.

दुसऱ्या डावात तिच्या एका ससाण्याने त्यांचे दोन प्राण घेतले. त्याबरोबर भार्गवरावांनी भुवया आवळल्या आणि जी होती ती सारी पाने त्या एका ससाण्यावर सोडली. ससाणा मेला, पण त्यांची बाजू उघडी पडली. चार मुंगसे आत शिरली. तो डावही तिने जिंकला.

तिसरा डाव सुरू झाला आणि अर्ध्यावर तिने पाने खाली ठेवली.

"काका, तुम्ही मुद्दाम हरताय. मला बरं वाटावं म्हणून. हे मला नको."

"मुद्दाम नाही हरत."

"मग काय करताय? तुम्ही कधी असं खेळता? तो गज धरून बसलाय मघापासून. समोर सगळं घर लुटलं जातंय आणि तुम्ही..."

बोलता बोलता ती थांबली. तिचा चेहरा लाल झाला.

"मी अशी खेळते?" तिने हळूच विचारले.

भार्गवरावांनी खिशातून एक छोटी वही काढली. स्पर्धेच्या दिवशी पाचही डावांत ते तिच्या मागे उभे होते आणि त्यांनी तिच्या खेळी टिपून ठेवल्या होत्या. "पान अन् पान असंच नाही," ते म्हणाले, "पण तुझी रीत हीच. गज यायची वाट बघायची, आणि कोणी डिवचलं की अंगावर जायचं."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

भार्गवरावांनी वही मिटली. "अगं, माझ्या दुकानात माणसं यायची आणि म्हणायची, हल्ली वर्तमानपत्र फार पुसट छापतात हो. दोष डोळ्यात असायचा, दिसायचा कागदात. मी कधी वाद घातला नाही. भिंग लावायचो डोळ्यासमोर, की ते आपणहून गप्प व्हायचे. हारही तशीच असते. ज्या खुर्चीत बसून आपण हरतो, तिथून एक तर आपलं दुःख दिसतं, नाही तर समोरच्याचं नशीब दिसतं. डाव तेवढा दिसत नाही. मी सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि मनात म्हणाली असतीस, म्हातारा टोचून बोलतो. आज तू स्वतःला तीनदा गाठलंस आणि दोनदा हरवलंस. आता तुला माझी काय गरज?"

 हेमांगीने आपली जुडी पुढे ओढली आणि मेजावर चाळीस पाने ओळीने मांडली, कचेरीत नकाशाचे तुकडे जोडताना मांडते तशी. बराच वेळ पाहत राहिली. मग उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि ज्यांच्याकडून मेघगज घेतला होता त्या गृहस्थांना म्हणाली, "अहो, तुमच्याकडे माझी मुंगसं अजून आहेत का?"

त्या दिवशी पाने वाटली गेली नाहीत, अदलाबदल मात्र पुष्कळ झाली. अग्निव्याघ्र तिने ठेवला. चाळीसांत एक असायला हरकत नाही, असे भार्गवरावही म्हणाले.

पुढचे पाच महिने ती दर रविवारी हरत राहिली, पण निराळ्या रीतीने. प्रत्येक डावानंतर ती समोरच्याला विचारी, "कुठल्या खेळीला तुम्हांला वाटलं, की आता ही गेली?" काही जण हसत, काही जण मनापासून सांगत. हळूहळू ती कधी कधी जिंकूही लागली. एकदा तिने भार्गवरावांनाही हरवले. तेव्हा त्यांनी इतक्या खऱ्या चिडीने पाने आपटली, की तो विजय दान दिलेला नाही याची तिला खात्री पटली.

पुन्हा स्पर्धा आली. या वेळी भार्गवरावांना खोकला होता, म्हणून हेमांगी एकटीच गेली. पहिली फेरी जिंकली, दुसरी हरली. तिसऱ्या फेरीत तिची गाठ एका प्राध्यापकांशी पडली. डाव शेवटच्या दोन प्राणांपर्यंत चालला आणि ती हरली. हात मिळवताना ती म्हणाली, "तुम्ही तो बंधारा इतक्या उशिरा का मांडलात? मला वाटलं, तुमच्याकडे नाहीच."

"तुम्हांला तसंच वाटावं म्हणून," ते आनंदाने म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून त्यांनी सगळा डाव पहिल्यापासून पुन्हा मांडला. चौथ्या फेरीसाठी नावे पुकारली गेली तेव्हा दोघेही तिथेच वाकून बसले होते.

चौथी फेरी ती जिंकली, पाचवी हरली, सहावी जिंकली. भिंतीवर यादी लागली. तिने आपले नाव वरून शोधायला सुरुवात केली आणि ते मध्याच्या जरा वरच सापडले. मग बाहेर पायरीवर येऊन तिने भार्गवरावांना फोन लावला.

"काका, चौदावी आले. तीन जिंकले, तीन हरले."

पलीकडून आधी खोकला ऐकू आला, मग आवाज. "बरं. आणि वाटतंय कसं?"

हेमांगीने क्षणभर विचार केला. जिंकलेल्या तीन डावांचा आनंद होता. हरलेल्या तीन डावांतला एक अजून डोक्यात फिरत होता, पण तो बोचत नव्हता. उलट रविवारी त्याच्याविषयी बोलायला मिळेल याचे सुख वाटत होते. हे सारे फोनवर सांगणे तिला अवघड वाटले.

"खरं सांगू? भूक लागलीय. सपाटून."

भार्गवराव मनमोकळे हसले. "मग आधी पोटभर जेव," ते म्हणाले. "हार पचली की असंच होतं."