टोपड्याची घंटा

हिंगणमाळच्या वेशीत पितळी घंटा आहे. तिच्या लोलकाला लहान मुलाचं विटकं टोपडं बांधलंय. पाहुण्यांना वाटतं, नवसाचं असेल. "नवस कसला, धसका आहे तो," असं म्हणत सदूअण्णा गुरव पायरीवर बसतात आणि सांगू लागतात.

पूर्वी ही घंटा फक्त आग लागली की वाजे. पुढे पारावरच्या गप्पा उठून 'आपलं हिंगणमाळ' या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या. केतकी तेव्हा नवी सून, पाळण्यात तान्हं बाळ. शिकलेली, म्हणून काळज्याही शोधून शोधून करायची. बाळ शिंकलं तरी ग्रुपवर विचारायची, मग आपण फार विचारतो का, याची काळजी करत बसायची.

एका दुपारी खिडकीतून तिला भांडीवाली दिसली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी, परगावची. तिच्या कडेवरच्या मुलाच्या डोक्यावर केतकीनं स्वतः शिवलेलं टोपडं! आपलं बाळ पाळण्यात झोपलेलं दिसत असूनही केतकीनं पुन्हा वाकून बघितलं. मग तिनं भांडीवालीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'माझ्या बाळाचं टोपडं हिच्याकडे कसं? कोणी ओळखतं का हिला?'

असं सांगतात, की ती पाणी पिऊन येईस्तोवर टोपड्याचं बाळ झालं होतं. 'केतकीवहिनींचं बाळ पळवलं! वेशीत अडवा!'

"अगं, ते मीच दिलं," सासूबाई म्हणाल्या. "घट्ट होत होतं त्याला. डबा बघ काय छान आलाय!"

केतकीनं मेसेज पुसला, पण फोटो घरोघर पोचला होता. 'बाळ घरीच आहे' असं लिहिलं. त्यावर कुणीतरी हात जोडले. वाचलं कुणीच नाही. बाळाला उचलून ती अनवाणी धावली.

वेशीत भांडी विखुरलेली. भांडीवाली मूल पोटाशी धरून घंटेच्या खांबाला टेकलेली. दगड उचलून पुढे उभा होता तो केतकीचाच दीर, म्हणे. केतकी ओरडत होती, पण गलक्यात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. तिनं दोरी धरली आणि घंटा बडवली.

आग समजून सगळे वळले.

"बाळ हे बघा! चोरी झालीच नाही. मी विचारायच्या आधी लिहिलं."

"मग ही कोण?" दीर म्हणाला. दगड हातातच.

केतकी वळली. "ताई, नाव काय तुमचं?"

"शेवंता," ती म्हणाली. मुलाच्या डोक्यावरचं टोपडं काढून तिनं लोलकाला बांधलं. "घ्या तुमचं." भांडीही न उचलता गेली, ती पुन्हा आली नाही.

आजही इथं परक्या माणसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, तर आधी घंटा वाजवून त्याचं नाव मोठ्यानं सांगावं लागतं. नाव ठाऊक नसेल, तर फोटो नाही. टोपडं विरलंय, केतकीबाई दर दिवाळीआधी येऊन त्याला टाके घालून जातात.

गोष्ट संपता संपता एखादा पाहुणा अण्णांवरच मोबाईल रोखतो. अण्णा उठून घंटेची दोरी त्याच्या हातात देतात.