धुक्याचा पदर

एक होता समुद्र, आणि त्याच्या काठाला राहायची एक कोळीण. रेमेत तिचं नाव. पाय पांघरुणात घे रे, थंडी वाजेल.

तर एकदा त्या गावावर धुकं उतरलं. कसलं धुकं! कावळे उडायचं सोडून चालत घरी गेले. बायकांनी धुक्यावरच ओले कपडे टाकले. खोटं वाटतं? अरे, ते वाळले नाहीत, म्हणजे गोष्ट खरीच की! सगळ्या होड्या कशाबशा परतल्या. एक तेवढी आली नाही. तिच्यात रेमेतचा एकुलता एक लेक होता, इनास.

रेमेत वाळूत उभी राहून ओरडली, "इनास!"

"आये! किनारा कुठंय?"

तिनं हाकांवर हाका मारल्या. पण दाट धुक्यात, पाण्यावरच्या माणसाला हाक चहूकडून येते, बरं का. त्याला दिशा कळेना. आणि त्याचा आवाज येत होता खडकांकडून. तिथंच तिचा नवरा बुडाला होता.

टेकडीवर क्रुसाचं देऊळ होतं. लोक म्हणाले, "वर जा, देवाला सांग." पण रेमेत जाईना. नवरा गेला त्या दिवशी तिनं देवळातली पेटती मेणबत्ती उचलून समुद्रात भिरकावली होती. "तुला दिसत नाही, तर उजेड हवा कशाला?" असं देवाच्या तोंडावर बोलली होती. त्यानंतर तिनं गुडघा टेकला नव्हता. आता कोणत्या तोंडानं जायचं?

मग तिनं बगळ्याला बोलावलं. "तू पांढरा, स्वच्छ. तुला आत घेतील." खूण म्हणून आपल्या लाल पदराचा तुकडा फाडून त्याच्या मानेला बांधला. बगळा गेला, परत आला.

"देव म्हणाला, तिला ये म्हणावं."

"रागानं म्हणाला?"

"कोण जाणे बाई. मी डोळे मिटून एका पायावर उभा होतो."

रेमेतला वाटलं, जाब विचारायला बोलावतोय. तिनं समुद्राकडे हाक मारली. "आये..." आवाज बारीक झाला होता.

मग तिनं खेकड्याला पाठवलं, नांगीत पदराचा दुसरा तुकडा देऊन. खेकडा तिरका तिरका गेला, तिरका तिरका आला.

"तिला ये म्हणावं, म्हणाला."

"मेणबत्तीचं काही काढलं का रे?"

"नाही. मीच काढलं."

"मेल्या! मग?"

"मग काही नाही. दाराकडे बघत बसला."

रेमेतनं पुन्हा हाक मारली. उत्तर आलं की लाट फुटली, तिला कळेना.

मग उरला पदर तिनं शेजारच्या इजाबेल काकूंच्या शेळीच्या गळ्यात बांधला. शेळी परतली ती रवंथ करतच.

"तुकडा कुठाय?"

"खाल्ला. वेदीवरची फुलंपण खाल्ली."

"अगं सटवे! हाकललं असेल तुला!"

"नाही गं. पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, तिला ये म्हणावं. लवकर."

रेमेतनं हाक मारली. घसा फुटेस्तोवर मारली. समुद्राकडून काहीच आलं नाही.

ती वाळूत बसली. मनात आता भीतीही उरली नव्हती. भीती वाटायला काहीतरी शिल्लक लागतं ना. मग ती उठली आणि टेकडी चढू लागली. वाटेत इजाबेल काकू आडव्या आल्या.

"अगो, पदर कुठाय? उघड्या डोक्यानं देवासमोर? आपल्यात कुणी गेलंय कधी?"

रेमेतनं डोकं चाचपलं. खरंच की! पदराशिवाय तिच्या आईनं, आजीनं कधी प्रार्थना केली नव्हती. इतक्या वर्षांनी जायचं, तेही असं, हाताला माशांचा वास, डोकं उघडं. ती मागे वळणार होती. पण शेळीला हाकललं नव्हतं.

तिनं चपला दाराबाहेर काढल्या. डोक्यावर दोन्ही हात धरले आणि आत गेली. वेदीवर फुलांचे नुसते देठ होते. लहानपणची एकही प्रार्थना आठवेना. तिनं गुडघे टेकले.

"बापा, मी आले. माझं पोर..."

वाचव म्हणायलाही आशा लागते, आणि ती वाळूतच राहिली होती.

तेवढ्यात दारातून धुकं आत आलं. तिच्या पायांना गार लागलं. तिला वाटलं, पोराला नेलं, आता मला न्यायला आलंय. धुकं पाठीवर चढलं, हातांवर चढलं, हळूच डोक्यावर आलं आणि तिथंच थांबलं. मऊ, पांढरं, काठाकाठानं ओलं. पदर! बाहेर अख्ख्या समुद्रावरचं धुकं टेकडी चढत होतं, पेटीतून लुगडं ओढावं तसं.

समुद्र उघडा पडला. इनासची होडी खडकापासून हातभर होती. त्याला टेकडीवरचं देऊळ दिसलं. त्यानं होडी वळवली.

"आये, हा पदर कुणाचा?" किनाऱ्याला लागताच त्यानं टेकडीवरून धावत आलेल्या आईला विचारलं.

रेमेतनं आधी त्याला पोटाशी धरलं. मग घरी जाऊन नवी मेणबत्ती काढली. एक देणं राहिलं होतं ना तिच्याकडे.

माय-लेक सुखानं राहिले. शेळी त्या पदरावर टपूनच होती म्हणतात. चला, आता पांघरूण ओढा डोक्यावरून. तेही कुणीतरी घातलंच आहे अंगावर. डोळे मिटा.