विरळणी

"त्या कुमुदला कधी काढणार, माय?"

शेवंताने विचारलं खरं, पण मान काही वर केली नाही. मठामागच्या द्राक्षबागेत दोघीच होत्या. मठ चालवणाऱ्या भागीरथीमाय घड धरायच्या, शेवंता कात्री चालवायची. बारा वर्षांची ही जोडी. आणि दसऱ्याला आलेल्या त्या कुमुदच्या हातात मायनी परवा संध्याकाळची पोथी दिली! पोथी वाचणारीचं, मायच्या शेजारचं ते आसन आजवर शेवंताचं.

"काढायचं म्हणजे?"

"तण निंदतो आपण, तसं."

"तण आहे का ती?"

आता काय सांगावं? पोरगी वाचायची सुरेख. दुखणं तेच तर होतं.

"नाही..."

"मग निंदायचं कसं? बोलताना शब्द तरी बघून वापर, बाई."

"बरं, विरळणी म्हणा." कात्री जरा जोरातच वाजली. "दाटी झाली की चांगलेसुद्धा मणी काढायचेच ना? तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं. कशासाठी काढायचे?"

"राहतील ते फुगावेत, गोड व्हावेत म्हणून."

माय हसल्या. घड पुढे केला.

"हे दोघं खेटलेत बघ. कर."

दोन्ही मणी हिरवेगार, वाटाण्याएवढे. डावंउजवं करायला जागाच नाही. कात्री ह्याच्यावर गेली, त्याच्यावर गेली, परत आली...

"कुठला काढू?"

"मला काय विचारतेस? इतका वेळ तर तुला सगळं कळत होतं."

शेवंताने ओठ आवळून एक कापला. मायनी तो तळहातावर झेलला, पदराला पुसला आणि चक्क तोंडात टाकला.

"काशी आठवते तुला?" मणी चघळत त्या म्हणाल्या. "गोड गळ्याची. तुझं तिच्याशी जमेना. मग ती चिंधाबाई आली..."

"त्या आपणहून गेल्या!"

"मी धाडल्या. दुसऱ्या मठात."

कात्री उघडी ती उघडीच राहिली.

काहीतरी बोलायचं म्हणून शेवंताने हळूच विचारलं, "आंबट आहे का हो, माय?"

"आहे की. पण वेलीवर धरून त्याला अजून महिनासुद्धा झाला नाही." मायनी पुढचा घड हातात घेतला. "तुझ्याभोवतीचे मी बारा वर्षं काढत आले."