हत्तीवळणावरचा हात

डोंगराच्या माथ्यावर, घाट जिथे संपतो तिथे, माळेवाडी नावाचे गाव होते. तिथे कोंडाजी नावाचा एक साधा माणूस राहत असे.

दर हिवाळ्यात त्या घाटात सायकलींची मोठी शर्यत होई. लांबलांबचे स्वार येत. जो सर्वांच्या आधी माथा गाठेल, त्याला 'घाटाचा राजा' म्हणत. इतक्या वर्षांत गावोगावचे राजे झाले, पण ज्यांच्या दारात घाट, त्या माळेवाडीचा एकही झाला नव्हता.

कोंडाजीचा मुलगा दौलत रोज सायकलला दुधाच्या किटल्या लावून हा घाट चढे. त्याची आई लवकर गेली. बापानेच त्याला वाढवले. त्या वर्षी दौलत शर्यतीत उतरला आणि सारे गाव रस्त्यावर आले.

घाटातले शेवटचे वळण फार उभे होते. त्याला हत्तीवळण म्हणत. भरल्या गाड्या तिथे हमखास अडत. अडलेली गाडी कोणाचीही असो, जवळ असेल त्याने न विचारता हात लावायचा, ही माळेवाडीची जुनी रीत. कोंडाजीचे हात त्यातच राठ झाले होते. मात्र शर्यतीत स्वाराला कोणी शिवायचे नाही, असे पंच बजावत आणि गावही ते कसोशीने पाळी.

कोंडाजी वळणावर उभा होता. दौलत आणि वसईकडचा इनास असे दोघेच पुढे होते. वळणावर दौलतची सायकल डगमगली, थांबल्यासारखी झाली. कोंडाजीला काही कळायच्या आत त्याचा हात सीटमागे गेला आणि त्याने जोर लावला. सायकल सुटली. दौलतने अर्ध्या चाकाने इनासला मागे टाकले. इनासची मान खाली होती. पंचांची जीप वळणाआड होती.

माथ्यावर ढोल वाजू लागले. कोंडाजी वर पोहोचला, तोवर दौलतच्या गळ्यात हार पडला होता. तो बापाजवळ येऊन म्हणाला, "आबा, वळणावर पाय संपले होते माझे. मग कुठून बळ आलं, देव जाणे."

वळणावर शेजारीच उभ्या असलेल्या गेनूने सारे पाहिले होते. तो कानाशी लागला, "दादा, गप राहा. जत्रेत धक्का लागतोच. तो काय कोणी देवाला सांगत बसतं?"

कोंडाजीने मुलाकडे पाहिले. इतका आनंद त्या चेहऱ्यावर त्याने पूर्वी पाहिला नव्हता. एका शब्दाने तो विझणार होता. पण उद्या हे पोर त्याच बळाच्या भरवशावर पुढच्या घाटाला भिडेल, आणि ते बळ तर त्याचे नव्हतेच.

तो पंचांपुढे गेला. "साहेब, राजा तो वसईचा पोरगा आहे. माझ्या पोराला मी ढकललं."

ढोल थांबले. गर्दीतून कोणी तरी म्हणाले, "बाप आहेस की वैरी?" कोंडाजीची मान वर होईना.

दौलतने गळ्यातला हार काढला आणि स्वतःच्या हाताने इनासच्या गळ्यात घातला. पंचांनी हळूच विचारले, "बापाचा राग नाही आला?"

दौलत कोंडाजीशेजारी जाऊन उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "आज माझा दम संपला, साहेब. माझ्या आबांचा नाही संपला."

त्या दिवशी माळेवाडीला राजा मिळाला नाही. पण बापलेक घरी निघाले, तेव्हा गाव आपोआप बाजूला सरले आणि त्यांना वाट करून दिली.

तात्पर्य: आपल्या माणसाकडे त्याने न कमावलेला मान राहू देणे ही माया नव्हे. खरे बोलून तो मान परत करणारा आपल्या माणसाला अधिक मोठे करतो.